पिशवीच्या तोंडाची तपासणी: गावात शिबिर घ्यायचं तर

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरवर जनजागृती म्हटली की बहुतेक ठिकाणी साचा ठरलेला असतो. बॅनर, दीपप्रज्वलन, पाहुण्या डॉक्टरांचं भाषण, चहा आणि फोटो. बायका ऐकून घरी जातात आणि तपासणी कुणाचीच होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती.

पुढची माहिती आशाताई, बचत गटाच्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती), महिला मंडळं आणि शाळेतल्या बाई यांच्यासाठी आहे. काम जमलं की नाही ते एकाच गोष्टीवरून ठरवा: तपासणीत दोष दिसलेल्यांपैकी किती जणी पुढच्या दवाखान्यात पोहोचल्या आणि उपचार घेऊन परत आल्या. खुर्च्या किती भरल्या याला फारसा अर्थ नाही. त्यामुळे तयारीही शेवटाकडून सुरू करावी लागते.

आधी पुढचा दवाखाना

शिबिराची तारीख काढण्याआधी एक फोन करा. उपकेंद्रावर होते ती व्हीआयए चाचणी, म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं अॅसेटिक अॅसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघणं. तिच्यात दोष दिसला तर बाईला कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे पिशवीचं तोंड मोठं करून दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी, पाठवावं लागतं. ही सोय सहसा जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात असते, कुठे कुठे उपजिल्हा रुग्णालयातही मिळते. तिथल्या स्त्रीरोग विभागात चार गोष्टी विचारा. कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी असते? केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो? यंत्र सध्या चालू आहे का? त्याच दिवशी उपचार होतो की पुन्हा बोलावतात? उत्तरं कागदावर लिहून ठेवा. बाई दिवसाची मजुरी बुडवून चाळीस किलोमीटर गेली आणि "मॅडम मंगळवारीच बसतात" ऐकून परत आली, की दुसऱ्यांदा जात नाही. तिची ही फेरी फुकट गेल्याची बातमी वस्तीवर तुमच्या भाषणाच्या आधी पोहोचते.

दोष दिसणाऱ्यांचं प्रमाण तपासणाऱ्या हातावर आणि भागावर अवलंबून असतं. शंभरात दोन-तीनपासून दहा-बारापर्यंत धरून चाला. यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो, हे वाक्य सभेतच सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं तर ते समजूत काढल्यासारखं वाटतं.

सभेत काय बोलायचं

पन्नास स्लाइडची गरज नाही. २५ ते ३० बायका आणि ४० मिनिटं पुरेत. फळ्यावर गर्भाशयाचं चित्र काढा. पिशवी उलट्या पेरूसारखी, खाली निमुळती होत जाणारी, आणि निमुळत्या टोकाला तिचं तोंड. ते तोंड योनीमार्गात उघडतं, म्हणून पोट न कापता, भूल न देता ते डोळ्यांनी बघता येतं. आतल्या इतर अवयवांच्या कॅन्सरमध्ये ही सोय नाही.

मग कारण सांगा. जवळजवळ प्रत्येक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याचे कितीतरी प्रकार आहेत, पण १६ आणि १८ नंबरचे दोनच प्रकार साधारण ७० टक्के कॅन्सर घडवतात. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी तरी होऊन जातो. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या पिशवीच्या तोंडाशी ठाण मांडून बसतो, तिथल्या पेशी हळूहळू बदलतात, आणि त्या बदलातून कॅन्सर व्हायला एरवी १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईत हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. बिडी-सिगारेटनेही धोका वाढतो.

पंधरा-वीस वर्षांच्या या सवडीवर भर द्या. पेशी बदलत असताना बाईला काहीच होत नाही, पाळी नियमित असते, दुखत खुपत नाही. "मला काही त्रास नाही, मग कशाला तपासू?" असं विचारणारी बाई नेमकी तपासायची बाई असते. त्रास सुरू होईपर्यंत थांबलं तर बऱ्याचदा आजार पुढे गेलेला असतो.

लक्षणं मात्र स्वच्छ शब्दांत सांगा: संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून लाल जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं. यातलं काही असेल तर शिबिराची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठायचा. आणि दुसरी बाजू त्याच दमात सांगा. नुसतं पांढरं जाणं, कंबर दुखणं, पाळीत अंगावरून जास्त जाणं याची साधी कारणं खूप असतात.

हे सांगितलं नाही तर काय होतं ते बीड जिल्ह्याने दाखवलंय. तिथल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारी समितीने सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. "ठेवली तर कॅन्सर होईल" ही भीती अनेकींना घातलेली होती. कॅन्सरची भीती पेरून तपासणीची वाट न दाखवणारी जनजागृती अशा दुकानांना गिऱ्हाईक पुरवते. म्हणून सभेत ठणकावून सांगा: पांढरं जातं म्हणून पिशवी काढत नाहीत. पेशींत बदल सापडला तरी बहुतेक वेळा तेवढाच भाग जाळून किंवा काढून टाकतात आणि पिशवी जागेवर राहते. कुणी ऑपरेशन सांगितलं तर आधी लेखी रिपोर्ट मागायचा आणि सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्यायचं.

कधी आणि कुठे बोलवायचं

संक्रांतीचं हळदीकुंकू ही तयार गर्दी असते आणि अनेक संस्था तिचाच फायदा घेतात. पण बऱ्याच गावांत हळदीकुंकवाला विधवा बायकांना आजही बोलावत नाहीत, किंवा बोलावलं तरी त्या येत नाहीत. चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी जणी तिथेच गळतात. घ्यायचंच असेल तर हळदीकुंकू घ्या, पण त्याच आठवड्यात बचत गटाच्या मासिक बैठकीत वेगळी सभा धरा. वस्तीवर, तांड्यावर, वीटभट्टीवर वेगळं जावं लागतं. मुख्य गावातल्या मंदिराच्या सभामंडपात त्या बायका येणार नाहीत. शिवाय पाळी चालू असलेली बाई देवळात कशी येईल?

वेळ शेतीच्या कामाकडे बघून ठरवा. सोयाबीन काढणीत आणि कांदा लावणीत कुणी फिरकत नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. त्यांच्यासाठी मे-जूनची तपासणी बरी, म्हणजे पुढचा उपचार निघायच्या आत उरकतो. सप्टेंबरात तपासलेल्या आणि दोष दिसलेल्या बाईचा पाठपुरावा थेट उसाच्या फडावर करावा लागतो.

सभेला पुरुष नकोत. सरपंच प्रास्ताविक करून निघून गेले तर उत्तम. पुरुषांशी वेगळं बोला, कारण दवाखान्यात जायचं भाडं आणि परवानगी पुष्कळ घरांत त्यांच्याच हातात असते.

तपासणीचा दिवस

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी ठरलेली आहे. एचआयव्ही असेल तर २५ पासून आणि जास्त वेळा. आशाताई घरोघरी आजारांच्या धोक्याचा सीबॅक फॉर्म भरतात, त्यावरून यादी तयार मिळते. यादीतून काही जणी बाजूला काढाव्या लागतात. पाळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, बाळंतपण किंवा गर्भपात होऊन १२ आठवडे झाले नसतील, तर नंतरची तारीख द्या. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या बाईत व्हीआयए तितकी भरवशाची नाही. पेशी जिथे बदलतात तो कडेचा भाग वयाबरोबर आत सरकतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तिला एचपीव्ही चाचणीसाठी (नमुन्यात विषाणू आहे का ते बघणारी) किंवा पॅप चाचणीसाठी (पेशी हलक्या खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी) पाठवा. पिशवी काढलेली असेल तर कागद बघा. तोंडासकट काढली असेल आणि कारण कॅन्सर किंवा पेशींतला बदल नसेल, तर तपासणीची गरज नाही. तोंड तसंच ठेवलं असेल तर आहे.

दोन-तीन दिवस आधी द्यायचा निरोप एवढाच: तपासणीआधी दोन दिवस संबंध नको, आतून धुवायचं नाही, आत औषधाची गोळी ठेवायची नाही. उपाशी यायचं नाही, जेवून या. साडी सोडावी लागत नाही, फक्त आतली चड्डी काढायची. ही शेवटची ओळ छोटी वाटेल, पण टेबलावर किती उघडं व्हावं लागेल हीच काळजी अनेकींना घरी बसवते. पिशवीचं तोंड दिसावं म्हणून योनीमार्गात घालतात तो स्पेक्युलम, प्लॅस्टिकचा नवा, सभेत हातोहात फिरवा. मिटलेला असताना तो किती अरुंद असतो आणि आत गेल्यावर कसा उघडतो हे बायकांनी स्वतः चाप दाबून बघितलं की कुजबुज थांबते. सुई नाही, कापाकापी नाही, आठ-दहा मिनिटांचं काम.

तपासणी प्रशिक्षित सिस्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम किंवा डॉक्टरच करतील, पण तयारी नीट आहे का हे आयोजकांनाही कळायला हवं. टेबलाभोवती पडदा, दाराला आतून कडी, पांढऱ्या प्रकाशाचा दिवा. पिवळ्या बल्बखाली पांढरा डाग ओळखू येत नाही. लाइट जाण्याची सवय गावाला असते, म्हणून चार्ज केलेली पांढऱ्या उजेडाची बॅटरी जवळ हवी. एका सिस्टरने दिवसात २० ते २५ बायकांपेक्षा जास्त बघू नये. तितकेच निर्जंतुक स्पेक्युलम, लहान-मोठे मिळून, आणि वर चार-पाच जादा. वापरलेला स्पेक्युलम ०.५ टक्का क्लोरीनच्या पाण्यात १० मिनिटं बुडवायचा, साबणाने घासायचा, मग ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाने निर्जंतुक करायचा. ती सोय नसेल तर किमान २० मिनिटं उकळत्या पाण्यात.

सगळी भिस्त ५ टक्के अॅसेटिक अॅसिडवर असते. ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिली ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड टाकायचं. आधी पाणी, मग अॅसिड, हातात मोजे घालून. मूळ बाटलीतलं अॅसिड कातडी जाळतं, त्यामुळे ती बाटली टेबलाजवळ ठेवायचीच नाही. द्रावण त्याच दिवशी करायचं आणि उरलेलं संध्याकाळी फेकायचं. पातळ किंवा शिळं झालं तर दोष असूनही पांढरं उमटत नाही, आणि जास्त कडक झालं तर बाई कळवळते आणि बाहेर बसलेल्या दहा जणी उठून जातात.

बाई लघवी करून टेबलावर येते. स्पेक्युलम बसवून तोंडावरचा स्राव कापसाने हलक्या हाताने टिपतात, द्रावणात भिजवलेला बोळा तोंडावर दाबून धरतात आणि पूर्ण एक मिनिट थांबतात. घड्याळ लावून. गर्दी वाढली की हे मिनिट वीस सेकंदांवर येतं आणि चाचणी वाया जाते. बदललेल्या पेशींत प्रथिनं जास्त असतात, ती अॅसिडने गोठतात आणि तो भाग पांढरा होतो. तोंडाच्या छिद्राजवळ, पेशींच्या सीमारेषेला लागून दाट, चुन्यासारखा पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग दिसला तर चाचणी पॉझिटिव्ह. फिकट, पारदर्शक पांढरेपणा किंवा बारीक ठिपके धरत नाहीत. थोड्या वेळाने पांढरेपणा विरतो, म्हणून लगेच फॉर्मवर चित्र काढून खूण करायची. गाठ, व्रण किंवा हात लागताच रक्त येत असेल, तर अॅसिडच्या निकालाची वाट न बघता त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात.

एकदा शिबिर घेतलं की झालं, असं मात्र समजू नका. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाच्या आसपास बायकांवर केलेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए केली. तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने झालेल्या अभ्यासाचे निकाल २००९ मध्ये आले. एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यूंत ठळक फरक पडला नाही, पण एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. तेव्हा एचपीव्ही चाचणी परवडत असेल किंवा सरकारी पुरवठा असेल तर तीच घ्या. तिचा नमुना बाई पडद्याआड स्वतःसुद्धा घेऊ शकते. व्हीआयएच करणार असाल तर पुढच्या फेरीचं साल बाईच्या कार्डावर आजच लिहा.

मुलींची लस

एचपीव्हीवरची लस विषाणूचा संसर्ग होण्याआधी द्यायची, म्हणून ९ ते १४ हे वय. सीरम इन्स्टिट्यूटच्या पुण्यातल्या कारखान्यातून आलेल्या सर्व्हाव्हॅक या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती १६ आणि १८ सोबत चामखीळ आणणाऱ्या ६ आणि ११ या प्रकारांवरही चालते. १५ वर्षांच्या आत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. १५ ते २६ मध्ये तीन डोस: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून ९ ते २० वयासाठी एका डोसचाही पर्याय मान्य केला आहे, त्यामुळे सरकारी आणि खासगी दवाखान्यात वेगळा आकडा सांगितला तर गोंधळू नका. मोफत लस कोणत्या वयाला आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारूनच शाळेत जाहीर करा.

सुई दंडात. मुलींनी नाश्ता केलेला असावा. टोचल्यावर १५ मिनिटं बसवून ठेवा, कारण या वयात सुईच्या भीतीने चक्कर येते. एक मुलगी पडली की रांगेतल्या चार जणी पडतात आणि दुपारपर्यंत गावात अफवा. टोचायची जागा आणि रांग वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली की हे टळतं.

पालकांची सही स्वतः घ्या. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्याच्या एचपीव्ही लसीकरण प्रकल्पात वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्याचं पुढे आलं. काही मुलींच्या मृत्यूनंतर प्रकल्प थांबला. ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं चौकशीत दिसलं नाही, तरी संमतीच्या हलगर्जीपणाने लसीवरचा विश्वास वर्षानुवर्षं मागे गेला. आश्रमशाळेत काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

"मूल होणार नाही" ही शंका येतेच. लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो, फक्त त्याच्या वरच्या कवचातलं प्रथिन असतं. त्याने वंध्यत्व येत नाही. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी करावी लागते, हे आईला आत्ताच सांगा.

अवघड प्रश्न

"म्हणजे आमचे हे बाहेर जातात की काय?" हा प्रश्न सभेत उघड विचारला जात नाही, उठताना कानात विचारला जातो. उत्तर तयार ठेवा: "वहिनी, हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. कधी आला, कुणाकडून आला, हे कुठल्याच तपासणीत कळत नाही. यावरून घरात भांडू नका." व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे, हे सासूबाईंसमोर सांगावं लागलं तर सांगा.

"माझं वय झालं, आता कशाला?" असं म्हणणाऱ्या काकूंना पाळी गेल्यानंतर पुन्हा लाल दिसलंय का, ते हळूच विचारा. पुष्कळदा तिथेच खरी गोष्ट निघते.

निकाल आणि पाठपुरावा

निकाल पडद्याआड, एकटीला. माइकवर नाही, व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नाही. फोटो काढायचेच असतील तर सभेचे काढा, रांगेचे नको. कोण किती वेळ आत थांबली यावरून गाव अर्थ काढतं.

वही हाताने आखलेली चालेल: नाव, वय, वस्ती, तपासणीची तारीख, निकाल, कुठे पाठवलं, कधी पोहोचली, पुढचा रिपोर्ट, उपचार. फोन नंबरच्या रकान्याशेजारी "फोन कुणाचा" असा रकाना घालाच. नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. काय निरोप दिलेला चालेल ते तिलाच विचारून ठेवा. "बचत गटाची मीटिंग आहे" एवढा निरोप दोघींमध्ये ठरवता येतो.

पॉझिटिव्ह बायकांना एकेकटीला चिठ्ठी देऊन पाठवू नका. कॉल्पोस्कोपीच्या वारी तिघी-चौघींना आशाताईंसोबत एकाच एसटीने न्या. बायकांना अर्धं तिकीट आहेच. सोबत आधार, रेशनकार्ड, व्हीआयएचा फॉर्म आणि डबा. बदललेला भाग उष्णतेने जाळण्याचं थर्मल अॅब्लेशन झालं तर नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, तो अपेक्षित असतो. चार आठवडे संबंध नको, आणि हे नवऱ्याला कोण सांगणार ते तिथेच ठरवा. सणकून ताप, घाण वास किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त दिसलं तर लगेच परत. वर्षभराने पुन्हा तपासणी.

कॅन्सरच निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र गाठा. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो योजनेत बसतात. परळचं टाटा, बार्शीचं नर्गिस दत्त, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी ही माहितीतली ठिकाणं. जवळचं निवडा, कारण रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असं पाच-सहा आठवडे चालतं आणि लांबचं मोठं नाव गाठलेली बाई राहायची सोय नाही म्हणून अर्ध्यातून परतते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या नावापुढे मुकादमाचा नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून घ्या. फडावर असताना तारीख आली तर त्या कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राला कळवता येतं. मुकादमाला मात्र फक्त "सरकारी दवाखान्याचं काम आहे, एक दिवस सोडा" एवढंच सांगायचं.